डीपी जळाली अन् पायपीआयने उडी मारली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मृगाचा पहिलाच वादळी पाऊस, रात्री साडेनऊची वेळ, धाडकन आवाज, निळा जाळ, आणि मग चार दिवस अंधार. पाचव्या दिवशी दुपारी नवी डीपी बसली. गल्लीतल्या पोरांनी "आली, आली" म्हणून नेहमीचा कल्ला केला आणि माळ्यावरचा माझा जुना लॅपटॉप करंट मिळाल्याबरोबर सुरू झाला. त्याची बॅटरी केव्हाच गेली आहे, म्हणून तशी सोय करून ठेवली आहे.

संध्याकाळी चहा घेऊन त्यावरचा ग्राफ उघडला. प्रोग्रामिंगच्या भाषांसाठी लोकांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडची पाकिटं, म्हणजे पॅकेजेस, ज्या गोदामांत असतात त्यांच्या रोजच्या वाढीचा तो ग्राफ. पाहते तर पायथन भाषेच्या गोदामाची, पायपीआयची, रेघ खांबासारखी उभी. रोज जेवढी पॅकेजेस वाढतात त्याच्या कितीतरी पट, तीही एका दिवसात. मी लगेच पुण्यातल्या मित्राला मेसेज टाकला, "पायपीआयवर काहीतरी मोठं झालंय, बघ." तो बिचारा जेवण सोडून शोधायला लागला. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, "एनपीएमची रेघ पाहिली का?" जावास्क्रिप्टच्या त्या गोदामाची रेघही उडाली होती. आर भाषेच्या क्रॅनचीही. सगळ्यांचीच, एकाच दिवशी. जगभरच्या प्रोग्रामरांनी संगनमत केलं असावं, असं क्षणभर खरंच वाटलं मला. तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला, "लाईन आली तं मोटर लाव वं, टाकी रिकामी हाय!" आणि डोक्यात उजेड पडला.

माझी स्क्रिप्ट आजच्या आकड्यातून मागच्या ओळीतला आकडा वजा करते. मागची ओळ म्हणजे काल, असं मी धरून चालले होते. चार दिवस लॅपटॉप बंद, म्हणजे मागची ओळ पाच दिवसांपूर्वीची. तिकडे पॅकेजेस रोजच्यासारखीच येत होती, इकडे आमची लाईन नव्हती. मित्राला तसं कळवलं. त्याने उत्तरादाखल हात जोडल्याचं एक चित्र पाठवलं आणि जेवायला गेला.

जरा मागून सांगते. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, खारपाणपट्ट्यात. अमरावतीला इंजिनीअरिंग केलं, मग काही वर्षं पुण्यात नोकरी, लॉकडाऊनमध्ये घरी आले ती परत गेलेच नाही. कंपनी पुण्याची, काम आमच्या माळ्यावरून. आणि गेली काही वर्षं, म्हणजे २०२२ च्या हिवाळ्यात हरभरा घाट्यावर होता तेव्हापासून, मी रोज सकाळी सहा वाजता सहा गोदामांमधला माल मोजते.

गोदामं म्हणजे पॅकेज रिपॉझिटरी. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. तारखांचा हिशोब करणारं कोड, पीडीएफ बनवणारं कोड, जीएसटीची बेरीज करणारं कोड कोणीतरी आधीच लिहून, नाव देऊन, पाकीट बांधून सार्वजनिक जागी ठेवलेलं असतं. एक आदेश दिला की ते आपल्या मशीनवर येतं, बहुतेकदा फुकट. प्रत्येक भाषेचं आपलं वेगळं गोदाम. पर्लचं सीपॅन, आरचं क्रॅन, पायथनचं पायपीआय, रूबीचं रूबीजेम्स, जावास्क्रिप्टचं एनपीएम, रस्टचं क्रेट्स. माझी स्क्रिप्ट रोज या सहांना एकच प्रश्न विचारते, तुमच्याकडे आज एकूण किती पाकिटं? सुरुवात एका पैजेतून झाली. मित्र म्हणत होता की आता वाढते आहे ती रस्टच, बाकीच्या भाषा म्हाताऱ्या झाल्या. मी म्हटलं, मोजून पाहू.

बाबांनी सुरुवातीच्या दिवसांत एकदाच चौकशी केली होती.

"काय मोजून रायली वं रोज सकायी?"

"पाकिटं."

"कोनाची?"

"सगळ्या जगाची."

"पैसे भेटते काय त्याचे?"

"नाही."

"मंग मोज बापा," असं म्हणून ते वावरात निघून गेले.

आता मुद्द्यावर येते. सहा रेघा एकाच कागदावर काढल्या की पहिल्या नजरेला दिसतं ते असं: एनपीएम डोंगर, पायपीआय टेकडी, बाकीचे धुऱ्यावरची माती. क्रॅन तर जमिनीला चिकटलेलं. एप्रिल १९९७ मध्ये व्हिएन्नातल्या कुर्ट हॉर्निक आणि फ्रीडरिश लाइश या दोघांनी ते सुरू केलं तेव्हा त्यात १२ पॅकेजेस होती. १० हजारांचा टप्पा यायला जानेवारी २०१७ उजाडला, जवळजवळ वीस वर्षं. एनपीएम २०१० चं. जून २०१९ मध्ये ते १० लाखांवर गेलं आणि २०२२ पर्यंत २० लाखांवर. पायपीआय २००३ चं. १ लाख व्हायला त्याला २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली, पण १ लाखावरून ५ लाखांवर ते २०२३ मध्येच पोचलं.

या आकड्यांवरून "जावास्क्रिप्ट जिंकली, आर संपली" असं म्हणायला काहीच लागत नाही, एक ग्राफ पुरतो. मीही बराच काळ तसंच समजत होते.

सगळ्यात आधी टोचलं ते सीपॅन. १९९५ पासूनचं हे गोदाम, या सगळ्यांत वडीलधारं. त्याचा आकडा घ्यायला गेले तर दोन आकडे समोर आले. मॉड्यूल्स २ लाखांच्या वर आणि डिस्ट्रिब्युशन्स ४० हजारांच्या वर. दोन्ही खरे. एका डिस्ट्रिब्युशनच्या पोटात पाच, दहा, कधी पन्नास मॉड्यूल्स असतात. एनपीएमच्या लोकांनी तोच माल पन्नास वेगळ्या पाकिटांत बांधला असता. कापसाचं उत्पादन कोणी क्विंटलमध्ये सांगतं, कोणी गाठींमध्ये, आणि टीव्हीवरचा माणूस दोन्ही एकाच वाक्यात मिसळतो, तसला प्रकार. गाठ असते १७० किलो रुईची आणि तिला सरकीसकट कापूस लागतो साधारण पाच क्विंटल. आमच्याकडच्या जिनिंगवर मापाड्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरवाल्यांना लागतं.

गो या भाषेत तर नोंदणीचं दारच नाही, जिथे कोड ठेवलं तोच त्याचा पत्ता. आणि सी भाषेचं, जिच्यावर या सगळ्यांचा पाया उभा आहे, असं सगळ्यांनी मानलेलं एक गोदाम कधी झालंच नाही. ज्याची जमीन सगळ्यात जास्त, त्याच्या नावावर सातबाराच नाही.

माझा मामा दर्यापूरला कृषी केंद्र चालवतो. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी त्याच्या गल्ल्यामागच्या पोत्यावर बसून वाचत असे, त्यामुळे बियाण्यांच्या पाकिटांवरची नावं मला कवितांच्या आधी पाठ झाली. गेल्या मे महिन्यात त्याने फोन केला, "बेटा, तू कॉम्प्युटरचं करतं, मले साठ्याचं कायतरी करून दे. लॉट नंबर शोधता शोधता डोयाले अंधारी येते." मी शनिवारी त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि कापसाच्या बियाण्यांची यादी करायला घेतली. अर्ध्या तासात वहीचं पान भरलं. बाण, सिंह, राजे, नद्या, देव, सगळ्यांची नावं झाली.

मी विचारलं, "मामा, एवढे वाण? काय फरक आहे यांच्यात?"

"फरक? पाकिटाचा," मामा म्हणाला. मग गिऱ्हाईक नाही हे बघून जरा खरं बोलला, "काही पऱ्हाटी उंच होते, काहीचं बोंड मोठं, काही लवकर फुटते. तेवढा फरक हाय. पन अळीसाठी आत जे घातलं ते सगळ्यात एकच."

हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला सरकारची मंजुरी मिळाली तेव्हा तीन संकरित वाण होते. दहा-बारा वर्षांत मंजूर वाणांची यादी हजाराच्या वर गेली. ग्राफ काढला तर एनपीएमलाही लाजवेल असा. पण त्या हजारातल्या बहुतेकांची बोंडअळीशी लढायची भिस्त एका जनुकावर, २००६ नंतर दोन जनुकांवर. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा आमच्या शिवारात कोणाचं पाकीट कोणत्या कंपनीचं हा प्रश्नच उरला नाही. धुऱ्याच्या या बाजूला एक नाव, त्या बाजूला दुसरं, आणि दोन्हीकडे बोंड फोडलं की आत तीच गुलाबी.

त्या शनिवारी घरी येऊन मी मामासाठी ॲप लिहायला बसले, जावास्क्रिप्टमध्ये, कारण हात त्यावर बसलेला आहे. मी स्वतः नावं लिहून मागवली ती ११ पॅकेजेस. दहा मिनिटांनी फोल्डर उघडलं तर आत सहाशेच्या वर. माझ्या अकरांनी आपापले पाहुणे बोलावले, पाहुण्यांनी त्यांचे. वरात आमच्या माळ्यावर.

ही वरात कशी जमते हे समजलं की एनपीएमचा डोंगर कसा झाला हेही समजतं. जावास्क्रिप्टच्या पेटीत सुरुवातीला फारशी अवजारं नव्हतीच. पायथनसोबत तारीख, फाईल, ईमेल, झिप असं बरंच काही भाषेच्या पेटीतच मिळतं. जावास्क्रिप्टवाल्याला एखाद्या आकड्याच्या डाव्या बाजूला शून्यं भरायची असली तरी बाहेरून पाकीट आणावं लागे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. पायथनमध्ये एका वातावरणात एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. तुमच्या दोन पाहुण्यांना एकाच पॅकेजच्या दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर भांडण ठरलेलं. त्यामुळे पायथनचा लेखक दुसऱ्यावर विसंबताना दोनदा विचार करतो. एनपीएमने हे भांडण पहिल्यापासून मिटवलं, प्रत्येक पाहुण्याला त्याची वेगळी खोली. एकाच पॅकेजच्या चार आवृत्त्या एकाच घरात सुखाने नांदतात. विसंबणं असं फुकट झालं की पाकिटं बारीक होत जाणार आणि संख्येने वाढत जाणार. आकडा विषम आहे का सांगणारं एक पॅकेज तिथे आहे. आकडा सम आहे का सांगणारं दुसरं आहे, ते पहिल्याला विचारतं आणि मिळालेलं उत्तर उलटं करून सांगतं. पहिलं आणखी तिसऱ्याला विचारतं, की हा मुळात आकडा आहे का. ही थट्टा नाही, खरी पाकिटं आहेत, आणि त्यातलं ते तिसरं माझ्या फोल्डरमध्येही निघालं.

शून्यं भरणाऱ्या पाकिटाची गोष्ट प्रोग्रामरांच्या घरोघरी माहीत आहे, तरी आमच्या गावात नसेल म्हणून सांगते. त्याचं नाव लेफ्ट-पॅड, ओळी ११. अझेर कोचुलू या लेखकाचा दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला, एनपीएमने नाव कंपनीला दिलं, आणि २२ मार्च २०१६ ला त्याने रागाने आपली २७० च्या वर पॅकेजेस गोदामातून उचलून नेली. त्यात हे अकरा ओळींचं पाकीट होतं. जगभरचे मोठमोठे प्रकल्प धडाधड अडले, कारण त्यांच्या पाहुण्यांच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी लेफ्ट-पॅडवर विसंबलेलं होतं. सुमारे दोन तासांनी एनपीएमने ते परत ठेवलं. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, २०१७ च्या आवृत्तीत, डावीकडे भरायची सोय जावास्क्रिप्ट भाषेतच आली. पाकिटाची गरज संपली. पाकीट मात्र अजून मोजणीत आहे.

त्या प्रकरणानंतर एनपीएमने नियम केला की दुसरं कोणी विसंबून असेल तर पॅकेज काढता येणार नाही, आणि ७२ तास उलटले की अटी आणखी कडक. नियम शहाणपणाचा आहे. पण माझ्या ग्राफच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की ही रेघ सहसा वरच जाणार. २०२४ च्या नववर्षाच्या तोंडावर एकाने "एव्हरीथिंग" नावाचं पॅकेज केलं, जे एनपीएमवरच्या सगळ्या पॅकेजेसवर विसंबून होतं. त्याबरोबर कोणालाच आपलं काहीच काढता येईना, कारण प्रत्येकावर आता कोणीतरी विसंबलेलं! करणाऱ्याने नंतर माफी मागितली. मला तो माणूस आवडला, खोटं कशाला बोलू.

क्रॅनची रेघ जमिनीला चिकटलेली का, याचं उत्तर याच्या अगदी उलट्या बाजूला आहे. तिथे पॅकेज पाठवलं की आधी यंत्र तपासतं आणि नवीन असेल तर त्यानंतर माणूस. शीर्षकातलं मोठं अक्षर जागेवर नसलं तरी परत. उदाहरण चालायला फार सेकंद लागले तरी परत. नवी आवृत्ती काढायची तर तुमच्यावर विसंबून असलेल्यांचं काही मोडत नाही ना, हे तुम्ही आधी पाहायचं आणि मोडत असेल तर त्यांना आधी कळवायचं. शिवाय आत गेल्यावरही सुटका नाही. सगळी पॅकेजेस वेगवेगळ्या मशीनवर पुन्हा पुन्हा तपासली जातात. नापास झालं आणि लेखकाने मुदतीत दुरुस्त केलं नाही, किंवा लेखकाचा ईमेल पत्ताच बंद पडला, तर पॅकेज यादीतून उचलून अडगळीत. म्हणजे क्रॅनचा आकडा हा निंदण झालेल्या वावराचा आहे. एनपीएमचा आकडा पेरलेल्या दाण्यांचा. मी तीन वर्षं एकाच कागदावर एकाचा पेरा आणि दुसऱ्याचं उभं पीक काढत होते आणि म्हणत होते, बघा किती फरक!

रस्टच्या क्रेट्सने, २०१४ पासून, मधला रस्ता काढला. तिथे आवृत्ती सहसा पुसत नाहीत, "यँक" करतात, म्हणजे तिच्यावर बंदचा शिक्का मारतात. नव्याने कोणी ती उचलत नाही, पण जे आधीपासून वापरत आहेत त्यांचं काम चालू राहतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल. क्रेट्सवर आता लाखाच्या वर पॅकेजेस आहेत, तेव्हा पैजेचं म्हणाल तर मित्र टक्केवारीत जिंकला आणि मी संख्येत. दोघांनीही पैसे दिले नाहीत. रूबीजेम्स वाढतं आहे पण सावकाश, जेवण झालेल्या बैलासारखं. त्याबद्दल माझ्याकडे विशेष काही नाही.

बोगस मालाबद्दल मात्र आहे. आमच्या भागात जून आला की पेपरात "बोगस बियाणे" हा मथळा ठरलेला. नामांकित वाणाच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे, पाकिटाचा रंग तोच, आत जिनिंगवरची साधी सरकी. ऑगस्ट २०१७ मध्ये एनपीएमवर नेमकं हेच सापडलं. "क्रॉस-एन्व्ह" या चांगल्या पॅकेजच्या नावातली मधली आडवी रेघ काढून कोणीतरी दुसरं पॅकेज ठेवलं होतं. चुकून ते उचललं की तुमच्या मशीनवरच्या पासवर्ड-बिसवर्डच्या गुप्त नोंदी परक्या पत्त्यावर पोचत. त्याच माणसाची अशी चाळीसेक पाकिटं काढावी लागली. मे २०२३ मध्ये पायपीआयवर बोगस मालाचा इतका लोंढा आला की एका शनिवार-रविवारपुरती नवीन खाती आणि नवीन पॅकेजेस घेणंच त्यांनी थांबवलं. त्या दिवसांत माझी पायपीआयची रेघ आडवी झाली होती. मी नेहमीप्रमाणे समजले की आमच्याकडे रेंज गेली.

आणि याहून मोठा लोंढा आला तो पैशांमुळे. टी नावाच्या एका योजनेत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्यांच्या पॅकेजच्या मोलाप्रमाणे डिजिटल टोकन मिळणार होते. हेतू चांगला. पण अनुदान म्हटलं की कागदावर शेततळी खोदली जातात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०२४ पासून एनपीएमवर हजारोंनी पोकळ पाकिटं येऊ लागली, यंत्राने बनवलेली, एकमेकांवर विसंबलेली, आत योजनेची नोंदफाईल आणि बाकी काही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या सुरक्षावाल्यांनी अशी दीड लाखाच्या वर पाकिटं शोधून काढली. दीड लाख! क्रॅनच्या अठ्ठावीस वर्षांच्या अख्ख्या कमाईच्या कितीतरी पट, आणि सगळंच कुटार.

तेव्हा मी ठरवलं की आता गोणपाट भिजवायचं.

ज्यांच्याकडे सोयाबीन नाही त्यांच्यासाठी सांगते. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं असेल तर पेरणीआधी उगवण तपासतात. आमच्याकडे हे काम आईचं. ती पोत्यातून वरचे, मधले, खालचे असे दाणे काढते, नीट बघून शंभर मोजते. चांगले चांगले निवडायचे नाहीत, हात जाईल ते घ्यायचे, हे ती मला दरवर्षी बजावते. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर ओला तुकडा घालायचा, चटईसारखी गुंडाळी करून दोन टोकांना सुतळी बांधायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात सावलीत ठेवायची. रोज पाण्याचा शिपका. पाचव्या-सहाव्या दिवशी सोडलं की तागाचा तो ओला कुबट वास येतो आणि पांढरे कोंब दिसतात, काही सरळ, काही वाकडे, काही दाणे नुसते फुगून चिकट झालेले. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरायचं, कमी असतील तर बियाणं वाढवायचं. सोयाबीनचं साल नाजूक, पोतं उंचावरून आदळलं तरी उगवण मोडते, म्हणून पोत्याकडे पाहून काही कळत नाही. गोणपाटच सांगतं.

मी एनपीएमच्या नावांच्या यादीतून शंभर नावं काढली, हात जाईल ती. कोणा अनोळखी हाताने लिहिलेलं कोड आपल्या मशीनवर काय करेल याचा भरवसा नाही, म्हणून वेगळ्या बंद डब्यात एकेक पॅकेज उतरवलं आणि पाहिलं: येतं का, आल्यावर चालतं का, चालून काही करतं का. मोबाईलच्या नेटवर दोन रात्री गेल्या.

किती उगवले तो आकडा इथे लिहीत नाही. नमुना शंभराचा, मोजणारी मी एकटी, आणि उद्या कोणीतरी "एनपीएमची इतके टक्के पॅकेजेस मेलेली" म्हणून ते फिरवेल. पण गोणपाट उलगडल्यावर काय दिसलं ते सांगते. कोणीतरी शिकवणीत पहिल्यांदा पॅकेज करून पाहिलेलं, आत "हॅलो वर्ल्ड". नाव अडवून ठेवलेलं, आत काहीच नाही, बसमध्ये सीटवर टाकलेल्या रुमालासारखं. कुठल्याशा कंपनीचं अंतर्गत काहीतरी, बाहेरच्याला निरुपयोगी. तीन सख्खी भावंडं, टी योजनेची. एका जुन्या पॅकेजची हुबेहूब नक्कल, फक्त लेखकाचं नाव बदललेलं. आणि मधेच एक, तुर्की भाषेतल्या अक्षरांना लहान-मोठं करताना होणारी चूक सुधारणारं, चाळीसेक ओळींचं, शेवटचा हात २०१५ साली लागलेला. चालवून पाहिलं. अगदी तंतोतंत चाललं.

त्या पॅकेजने माझी पंचाईत केली. मी मनाशी ठरवलं होतं की तीन वर्षांत नवी आवृत्ती नसेल तर मेलेलं धरायचं. मग हे काय? तुर्की अक्षरं काही दरवर्षी बदलत नाहीत. काम संपलं म्हणून हात थांबला. सीपॅनवर तर अशी पॅकेजेस ढिगाने आहेत, पंधरा-पंधरा वर्षं कोणी न शिवलेली आणि ठणठणीत, कारण तिथे स्वयंसेवकांची एक फौज जगभरच्या मशीनवर ती तपासत बसलेली असते. क्रॅनवर गोणपाट भिजवण्यात मजाच नाही, तिथे ते रोजचंच आहे. त्यामुळे एकूण आकड्याच्या जोडीला मी मधे सुरू केलेला "नव्या आवृत्त्या किती" हा दुसरा रकानाही पहिल्यासारखाच अर्धवट निघाला. तो मी ठेवला आहे, एकूण आकड्याचा रकानाही ठेवला आहे, आणि तिसरा रकाना टाकला आहे: आज लाईन होती का. तीन रकान्यांतला सगळ्यात भरवशाचा तोच.

मामाचं ॲप जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. पेरणीची गर्दी ओसरल्यावर त्याने पहिली तक्रार केली.

"बेटा, जे वान आता कोनी मांगत नाही ते यादीतून काढ ना. खाली-वर करता करता बोट दुखते."

मी काढायला गेले आणि हात थांबला. त्या वाणांची मागच्या दोन हंगामांची बिलं आहेत. बिलावर लॉट नंबर, लॉट नंबरावर वाणाचं नाव. उगवण झाली नाही म्हणून एखादा कास्तकार तालुक्याच्या तक्रार समितीकडे गेला तर ते बिल निघालं पाहिजे, आणि वाण पुसला तर बिलावरची ती जागा रिकामी येईल. मी पुसायचं बटण दिलंच नाही. त्याऐवजी "बंद" असा शिक्का दिला. शिक्का मारला की विक्रीच्या यादीत नाव दिसत नाही, जुन्या बिलांवर राहतं.

मामाने दोन-तीन वाणांवर शिक्का मारून पाहिला, खूश झाला. मग वरच्या कोपऱ्यातला आकडा त्याला दिसला.

"हे काऊन कमी नाई झालं?"

"ते एकूण आहे मामा. ते कमी होत नाही."

"मंग वाढतच जाईन काय?"

"हो."

"बरं," मामा म्हणाला आणि गिऱ्हाइकाला तूर दाखवायला उठला. सध्या त्या यादीत कापसाची ६२ नावं आहेत, दुकानात त्यातली १९.